एल२९३डी शील्डवर रोबोच्या मोटारी चालवताना

आर्डुइनो उनो या छोट्या प्रोग्रॅम करता येणाऱ्या सर्किट बोर्डवर बसणारी एल२९३डी मोटर शील्ड, म्हणजे एल२९३डी या चिपने मोटारी चालवणारा जोडबोर्ड, पहिल्या रोबोसाठी पुरेशी असते. मात्र तिच्यातून प्रत्येक मोटारीला सलग ०.६ अँपिअर एवढाच प्रवाह मिळतो आणि चिपमध्येच दोनेक व्होल्ट खर्ची पडतात, हे आधी लक्षात घ्यावे. म्हणून ६ व्होल्टच्या पिवळ्या गिअर मोटारींसाठी दोन १८६५० सेल (पुन्हा चार्ज होणारे दंडगोल लिथियम सेल) एकसर जोडावेत आणि आर्डुइनोला वेगळा वीजपुरवठा देऊन शील्डवरील पॉवरचा जम्पर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) काढून टाकावा. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी मोटार सुरू होतानाच दम टाकते, आणि आपण मात्र चूक प्रोग्रॅममध्ये शोधत बसतो.

आर्डुइनोच्या संगणकावरील सॉफ्टवेअरमधल्या लायब्ररी मॅनेजरमधून अ‍ॅडाफ्रूट मोटर शील्डची पहिल्या आवृत्तीची लायब्ररी (तयार आज्ञांचा संच) घ्यावी. दुसऱ्या आवृत्तीची लायब्ररी निराळ्या चिपसाठी असल्यामुळे ती येथे निरुपयोगी ठरते. प्रोग्रॅमच्या आरंभी प्रत्येक मोटार तिच्या टर्मिनलच्या १ ते ४ या क्रमांकासह घोषित करावी, 'सेटस्पीड'ने ० ते २५५ मधील वेग द्यावा आणि 'रन'ने 'फॉरवर्ड', 'बॅकवर्ड' किंवा 'रिलीज' (मोटार मोकळी सोडणे) ही आज्ञा द्यावी. (ही नावे संगणकावर अर्थातच रोमन लिपीत, कॅपिटल अक्षरांसह जशीच्या तशी टंकावीत.) पहिली चाचणी चाके अधांतरी ठेवूनच घ्यावी, एखादे चाक उलटे फिरल्यास प्रोग्रॅम न बदलता त्या मोटारीच्या दोन तारांची अदलाबदल करावी.

खरा वेळ जातो तो वेग जुळवण्यात. एकाच पाकिटातील दोन मोटारीही सारख्या फिरत नाहीत, त्यामुळे डाव्या-उजव्या बाजूंसाठी वेगाचे स्वतंत्र आकडे ठेवून रोबो सरळ जाईपर्यंत वेगवान बाजूचा आकडा पाच-पाचने उतरवावा. हे काम रोबो जिथे चालणार तिथेच करावे, कारण घरातल्या गुळगुळीत लादीवर सहज निघणारा रोबो जांभ्या दगडाच्या पडवीत किंवा सारवलेल्या खळ्यात त्याच आकड्यावर नुसता गुरगुरत उभा राहतो. दिशा बदलताना मध्ये 'रिलीज' देऊन अर्धा सेकंद थांबावे, म्हणजे चिपवर अकारण ताण येत नाही.

रत्नागिरी-मालवणसारख्या किनाऱ्यालगतच्या गावांत प्रोग्रॅमला हात न लावताही रोबो अडखळू लागला, तर आधी शील्डवरचे स्क्रू सैल करून तारांची टोके पाहावीत. खाऱ्या हवेने तांब्यावर हिरवट थर चढलेला असल्यास तेवढे टोक कापून तार नव्याने सोलावी व घट्ट आवळावी.