क्वाय नदीवरच्या ब्रिज फेस्टिव्हलला जायचंय? मग असं करा

थायलंडमधल्या कांचनाबुरीला हा उत्सव साधारण नोव्हेंबरच्या शेवटी ते डिसेंबरच्या सुरुवातीला असतो, तारखा दरवर्षी बदलतात त्यामुळे आधी बघून मगच रूम बुक करा. बँकॉकच्या थोनबुरी स्टेशनवरून थेट ट्रेन आहे, साधारण अडीच-तीन तास लागतात.

रात्रीचा लाइट अँड साउंड शो मेन असतो, दुसऱ्या महायुद्धात या रेल्वे पुलावर झालेला बॉम्बहल्ला दाखवतात, गर्दी खूप म्हणून लवकर जाऊन जागा धरा. पण प्लीज फक्त शो बघून परत येऊ नका! सकाळी आधी युद्ध स्मशानभूमी आणि समोरचं रेल्वे म्युझियम बघा. १९४२-४३ मध्ये जपान्यांनी ४१५ किमीची ही थायलंड-बर्मा रेल्वेलाइन, जिच्यावर हा पूल आहे, युद्धकैदी आणि आशियाई मजुरांकडून बांधून घेतली, १२ हजारांहून जास्त कैदी मेले आणि मजूर तर त्याच्या कितीतरी पट, त्यात मलायातले आपले तमिळ लोकही होते, त्यांची आठवण कोणी फारशी काढत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

पुलाचे कमानीसारखे भाग मूळचे आहेत, मधले दोन सरळ भाग युद्धानंतर बसवलेत. पुलावर चालता येतं, ट्रेन आली की बाजूला उभं राहायला केलेल्या छोट्या जागेत थांबायचं. वेळ असेल तर हेलफायर पासही करा, म्हणजे याच लाइनसाठी कैदी-मजुरांनी डोंगर फोडून काढलेली खिंड.