कंपोझिट्समधे प्रोफेसर व्हायचंय? आधी हात चिकट करून घ्या

कंपोझिट (फायबर आणि रेझिन म्हणजे चिकट राळ मिळून बनलेलं मटेरियल) मॅन्युफॅक्चरिंगमधे पीएचडी करून पुढे शिकवायचंय म्हणणारं कोणी भेटलं की मी आधी विचारतो, व्हॅक्यूम बॅग (पार्टवर लावून आतली हवा ओढून घ्यायची प्लास्टिकची पिशवी) स्वतः लावलीय का कधी? बहुतेकांनी लॅमिनेट (एकावर एक थर रचून केलेला पार्ट) फक्त सॉफ्टवेअरमधे केलेलं असतं.

माझंही तेच होतं. पहिल्या वर्षी प्रीप्रेगचा (आधीच रेझिन भरलेलं फायबर) रोल फ्रीझरमधून काढला (उणे १८ डिग्रीला ठेवतात) आणि घाईघाईत लगेच रोलची पिशवी फोडली, मग काय, गार रोलवर हवेतला ओलावा बसला, तो थरांत अडकला आणि ऑटोक्लेव्हमधे (दाब देणारी भट्टी) त्याची वाफ झाली. १८० डिग्रीला अडकलेल्या पाण्याच्या वाफेचं प्रेशर १० बारपर्यंत जाऊ शकतं आणि ऑटोक्लेव्ह देतो साधारण ७ बार, बुडबुडे दबणार कसे? पॅनल बाहेर आलं तेव्हा वरून चकाचक, कापून मायक्रोस्कोपखाली धरलं तर भोकंच भोकं. दर १ टक्का व्हॉइडमागे (म्हणजे अशा भोकांमागे) थरांमधली शिअर स्ट्रेंथ (थर एकमेकांवर सरकू न देण्याची ताकद) ढोबळमानाने ७ टक्के उतरते, म्हणजे माझं पॅनल शोपीसच. गाईड म्हणाले फेकू नकोस, यावरच लिही. थिसिसचा पहिला चॅप्टर तोच झाला.

या फील्डमधे पेपर हळू निघतात हे आधीच पचवा. शेजारचा सिम्युलेशनवाला एका रात्रीत शंभर केसेस पळवतो आणि आपलं एक पॅनल दोन दिवस खातं, त्यात बॅग लीक झाली की परत पहिल्यापासून. प्रोफेसर झाल्यावर तर निम्मा वेळ फंडिंगचे प्रपोजल, पंप दुरुस्ती आणि कंपन्यांशी मीटिंगा. कंपनीचा डेटा छापायचा तर त्यांची परवानगी लागते, त्यात वर्षही जातं (याबद्दल कोणी आधी सांगत नाही!).

सुरुवात रेझिन इन्फ्युजनपासून (कोरड्या फॅब्रिकमधे व्हॅक्यूमने रेझिन ओढणं) करा. काचेची प्लेट, फॅब्रिक, पंप एवढ्यात जमतं आणि रेझिन पुढे सरकताना डोळ्यांना दिसतं, डार्सीचा नियम (सच्छिद्र गोष्टीतून द्रव कसा वाहतो त्याचा) मला तिथेच कळला, पुस्तकात नाही. मेकॅनिकलवाल्यांनो, पॉलिमर केमिस्ट्री टाळू नका, ९० अंशाच्या मोल्डमधून ८९ अंशाचा पार्ट का निघतो याचं अर्धं उत्तर क्युअर होताना (घट्ट होताना) रेझिन आकसतं त्यात आहे, उरलेलं थंड होताना जाडीच्या दिशेला जास्त आकसतं त्यात.

आणि लॅब निवडताना गाईडचे पेपर मोजण्याआधी फ्रीझरवरची वही बघा. रोल किती तास बाहेर होता (बाहेर रेझिन हळूहळू क्युअर होत राहतं) ते लिहिलेलं नसेल तर तिथल्या आकड्यांवर उद्या तुमचंही नाव छापलं जाणारे.