आयसीयूत नवीन लागलात? आधी ओव्हर घ्यायला शिका

परवा आमच्या आयसीयूत चार मुली आणि एक ब्रदर नवीन जॉईन झाले. त्यातली एक चहाच्या वेळी मला म्हणाली, ताई मला व्हेंटिलेटरची फार भीती वाटते, सगळे मोड पाठ केलेत पण पेशंटसमोर उभं राहिलं की डोकं एकदम ब्लँक होतं. मी म्हटलं मोड येतील गं हळूहळू, तू आधी नीट ओव्हर घ्यायला शीक. ओव्हर म्हणजे ड्यूटी बदलताना आधीच्या सिस्टरकडून पेशंट आणि त्याची सगळी माहिती ताब्यात घेणं. तिच्या चेहऱ्यावरून कळलं की तिला वाटलं मी विषय टाळतेय. म्हणून म्हटलं एकदा बसून सगळं लिहूनच काढावं, तिच्यासाठी आणि तिच्यासारख्या बाकीच्यांसाठी पण.

मी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केला, मग दीड वर्ष जनरल वॉर्ड आणि मग पुण्यात मेडिकल आयसीयूत आले. मधे पोस्ट बेसिक बीएस्सी केलं. आयसीयूत आता ११ वर्षं झाली.

माझा आयसीयूतला आठवा की नववा दिवस होता, नाईट ड्यूटी. साठीच्या आसपासचे एक काका, सेप्सिस म्हणजे इन्फेक्शन अंगभर भिनलेलं, व्हेंटिलेटरवर, बीपी टिकवायला नॉरअॅड (नॉरअॅड्रेनालिन) पंपावर चालू. मी ओव्हर घेतला तो टेबलाशी उभं राहून, फाईल बघून. इव्हिनिंगच्या सिस्टरने भराभर सांगितलं, मी भराभर लिहून घेतलं, तिची बस होती आणि मला पण वाटलं सगळं लिहिलंय की. मग मी औषधांची ट्रॉली लावायला गेले. अर्ध्या तासात सिरिंज पंप वाजायला लागला, जाऊन बघते तर सिरिंज संपत आलेली, पुढची भरलेलीच नाही. अँप्यूल शोध, फोड, भर, लेबल लाव, हे करेपर्यंत पंप थांबला आणि ११० वर असलेलं वरचं बीपी दोन-तीन मिनिटांत ५८ वर आलं. इनचार्ज सिस्टर धावत आल्या, त्यांनी आणि डॉक्टरांनी मिळून सावरलं, काका वाचले. इनचार्ज सिस्टर मला ओरडल्या नाहीत. नंतर माझा हात धरून त्यांनी तो पंपावर ठेवला आणि तिथून नळीवरून सरकवत सरकवत काकांच्या मानेतल्या सेंट्रल लाईनपर्यंत, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेल्या नळीपर्यंत नेला. म्हणाल्या, ओव्हर हा असा घ्यायचा, हाताने. ती रात्र मी अजून विसरले नाहीये.

तर आता हाताने म्हणजे कसं ते सांगते. ओव्हर नेहमी बेडशी. देणारी आणि घेणारी दोघी पेशंटच्या दोन बाजूंना. डोक्यापासून सुरुवात करायची. डोळ्यांच्या बाहुल्या टॉर्चने बघायच्या, जीसीएस, म्हणजे पेशंट किती शुद्धीवर आहे त्याचा ३ ते १५ मधला स्कोअर, दोघींनी मिळून काढायचा, कारण तिचा ९ आणि तुमचा ७ असेल तर पेशंट बिघडलाय की मोजण्यात फरक आहे हे नंतर कोणालाच सांगता येत नाही. तोंडातली ट्यूब ओठाशी कितव्या आकड्यावर फिक्स केलीय ते वाचायचं, २२ लिहिलंय आणि ओठाशी २५ दिसतंय तर ट्यूब आत सरकलीय, बहुतेक उजव्या फुप्फुसात गेली असणार, लगेच डॉक्टरांना सांगा. कफ प्रेशर, म्हणजे ट्यूबच्या आतल्या टोकाजवळच्या फुग्यातलं प्रेशर, मीटर लावून बघा, २० ते ३० सेंटिमीटर पाण्याइतकं हवं, बोटाने फुगा दाबून अंदाज घेऊ नका. मग छातीवर स्टेथो, दोन्हीकडे हवा जातेय ना. मग एकेक लाईन, पंपापासून पेशंटपर्यंत हात फिरवत, कुठे पीळ पडलाय का, थ्री-वे, म्हणजे नळीवरची तीन तोंडांची तोटी, कुठल्या बाजूला बंद आहे, लेबलवर औषधाचं नाव, किती मिलीत किती, तारीख, वेळ. सिरिंजमध्ये किती उरलंय आणि या स्पीडने किती वाजता संपेल ते तिथल्या तिथे काढून हातावर नाहीतर कागदावर लिहा. मग पोट, युरोबॅग म्हणजे लघवीची पिशवी, पाय, आणि शेवटी कूस वळवून पाठ. नवीन असताना एका पेशंटला १५ मिनिटं लागतात, लागू देत. कोणी घाई केली तरी लागू देत.

नॉरअॅडचं गणित एकदा स्वतः करून बघा म्हणजे पंपावरचा आकडा नुसता आकडा राहत नाही. समजा ५० मिलीत ८ मिलिग्रॅम आहे, म्हणजे १ मिलीत १६० मायक्रोग्रॅम. पेशंट ६० किलोचा, डोस ०.१ मायक्रोग्रॅम दर किलो दर मिनिट. म्हणजे मिनिटाला ६, तासाला ३६०. ३६० भागिले १६० केलं की आले ताशी २.२५ मिली. प्रत्येक हॉस्पिटलचं डायल्युशन, म्हणजे किती मिलीत किती औषध मिसळायचं ते, वेगळं असतं, कुठे ५० मिलीत ४ असतं तर कुठे १६, त्यामुळे जुन्या हॉस्पिटलचा आकडा डोक्यात ठेवून नवीन ठिकाणी काम करू नका, हे मी हात जोडून सांगतेय. आणि दुसरी सिरिंज पहिली संपायच्या बऱ्याच आधी भरून, लेबल लावून तयार पाहिजे. आमच्याकडे दुसऱ्या पंपावर नवीन सिरिंज आधी चालू करतात, बीपी थोडं चढायला लागलं की जुनी हळूहळू कमी करून बंद करतात, म्हणजे मधे खंड पडत नाही. त्या लाईनमधून दुसरं कुठलंही इंजेक्शन किंवा फ्लश द्यायचा नाही, नळीत भरलेलं औषध एकदम आत जातं आणि बीपी २०० च्या वर उडतं.

बीपीबद्दलच अजून एक. आर्टरी लाईन, म्हणजे सतत बीपी दाखवणारी धमनीतली नळी, असेल तर तिचा ट्रान्सड्यूसर, म्हणजे प्रेशर मोजणारा भाग, हृदयाच्या लेव्हलला हवा, म्हणजे चौथ्या फासळीच्या खालची जागा आणि काखेच्या मधली रेष जिथे मिळते तिथे. तो १० सेंटिमीटर खाली लटकत राहिला तर बीपी सात-आठ पॉईंटनी जास्त दिसतं. मीन प्रेशर, म्हणजे सरासरी बीपी, ६५ ठेवायचंय, मॉनिटरवर ६८ दिसतंय, आपण निवांत, आणि खरं असतं ६०. बेड वरखाली केला की ट्रान्सड्यूसर बघायचाच, ही सवय लागायला मला स्वतःला बरेच महिने लागले.

आता व्हेंटिलेटर, ज्याची सगळ्यांना भीती. अलार्म वाजला की हात आधी बटणाकडे जातो, तसं करू नका, आधी पेशंटकडे बघा, छाती हलतेय का, रंग कसा आहे, सॅच्युरेशन किती. हाय प्रेशर वाजत असेल तर पेशंट ट्यूब चावतोय, खोकतोय, कफ साठलाय, नळीत पाणी साठलंय किंवा नळी कुठेतरी दुमडलीय असं काहीतरी असतं. लो प्रेशर असेल तर कुठेतरी सुटलंय. आणि सॅच्युरेशन घसरतंय आणि काही कळत नाहीये अशा वेळी विचार करत बसू नका, व्हेंटिलेटर काढा, १०० टक्के ऑक्सिजन लावून अँबूवर, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायच्या फुग्यावर घ्या आणि मोठ्याने हाक मारा. अँबू हाताला सहज जातोय तर गडबड मशीनमध्ये किंवा नळ्यांत होती. जड जातोय तर ट्यूब ब्लॉक असेल नाहीतर फुप्फुसाबाहेर छातीत हवा भरली असेल. म्हणून अँबू आणि मास्क बेडच्या डोक्याशी पाहिजेच, ऑक्सिजनला जोडलेला. ओव्हर घेताना तो एकदा दाबून पण बघा.

सक्शनचं, म्हणजे ट्यूबमधून बारीक नळी (कॅथेटर) घालून कफ ओढून काढायचं, कॉलेजात शिकलेलंच आहे पण घाईत विसरतं. आधी १०० टक्के ऑक्सिजन, कॅथेटर आत घालताना सक्शन बंद, बाहेर काढताना चालू, सगळं मिळून १० ते १५ सेकंद. ८ नंबरच्या ट्यूबला १२ नंबरचं कॅथेटर. दर दोन तासांनी करायचंच म्हणून करू नका, कफ असेल तेव्हा करा. पल्स एकदम खाली आली तर तिथेच थांबा आणि ऑक्सिजन द्या.

पोटॅशियम क्लोराइडबद्दल मात्र कडक बोलते. १० मिलीच्या अँप्यूलमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट असतं आणि ते डायरेक्ट शिरेत ढकललं तर हृदय बंद पडतं. नेहमी डायल्यूट करून, पंपावर, मॉनिटर चालू ठेवून, हाताच्या लाईनने असेल तर साधारण तासाला १० च्या वर नाही, आणि दुसऱ्या सिस्टरला दाखवूनच. रात्री तीन वाजता दुसरी सिस्टर बिझी असेल तर थांबा, पाच मिनिटांनी काही बिघडत नाही.

पाठीकडे येते कारण नवीन मुलींना हे काम मावशींचं वाटतं. तसं नाहीये. दर दोन तासांनी कूस बदलायची, माकडहाड, टाचा, कानाच्या पाळ्या, डोक्याची मागची बाजू बघायची, लाल झालेली जागा बोटाने दाबून पांढरी होते का बघायचं, नाही झाली तर तो जखमेचा पहिला टप्पा आहे. मुंबईच्या केईएममधल्या सिस्टर्सनी आपल्याच सहकारी नर्सला, अरुणा शानबागला, १९७३ पासून २०१५ मध्ये ती जाईपर्यंत जवळजवळ ४२ वर्षं सांभाळलं आणि तिच्या अंगाला बेडसोर होऊ दिला नाही. ना कुठलं भारी मशीन, ना कुठला मोड. पिढ्या बदलल्या, ड्यूट्या बदलल्या, पण रोजचं पुसणं, वळवणं, भरवणं एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिलं. आपल्या कामात अभिमान कशाचा वाटावा असं मला कोणी विचारलं तर मी हेच सांगते.

पेशंटशी बोलण्याबद्दल एक प्रसंग सांगते. एक शेतकरी दादा होते, व्हेंटिलेटर हळूहळू कमी करत आणलेला, शुद्धीवर, ट्यूबमुळे बोलता येत नाही. संध्याकाळपासून एकदम अस्वस्थ, पल्स १३० च्या पुढे, हात बांधावे लागतील की काय असं, आणि झोपेचं औषध परत चालू करायचं बोलणं चाललेलं. मी आधी एबीजी, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजन-कार्बन डायऑक्साइडची तपासणी, पाठवला, ट्यूब बघितली, युरोबॅग बघितली, लघवीचं कॅथेटर तुंबलं नव्हतं, दुखतंय का विचारलं तर मान नाही म्हणून हलवली. मग पॅड आणि पेन दिलं. वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं, म्हस. मला वाटलं काहीतरी अर्धवट लिहिलंय. भेटायच्या वेळेला वहिनी आल्या, त्यांना कागद दाखवला तर त्या बघूनच रडायला लागल्या, म्हणाल्या आवो म्हस गाभण हुती, त्याचा घोर लागलाय त्यांना. मग कानाशी वाकून त्यांनी सांगितलं, परवा व्याली, रेडी झालीया, दोघीबी बऱ्या हायेत. मी मॉनिटरकडे बघत होते, दहा मिनिटांत पल्स १०४. झोपेचं औषध लागलं नाही आणि दोन दिवसांनी ट्यूब निघाली. तेव्हापासून माझ्या बेडशी पॅड-पेन असतंच. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी पाणी, दुखतंय, घाबरल्यासारखं होतंय, घरचे, संडास अशी चित्रं काढलेला पुठ्ठा आहे. आणि बेशुद्ध पेशंटला पण काका मी आता कूस बदलतेय, मावशी जरा खोकला येईल हं, असं सांगूनच हात लावा.

बाहेरचे नातेवाईक विचारतात, सिस्टर वाचतील ना हो. याचं उत्तर डॉक्टरांनी द्यायचं असतं, आपण खोटी आशा पण देऊ नये आणि तोंड फिरवून पण जाऊ नये. मी आपण केलेलं सांगते, आज अंग पुसलं, नळीतून दूध दिलं, हाक मारल्यावर डोळे उघडले किंवा नाही उघडले. तेवढ्यानेही माणसाला आधार वाटतो.

माणसं कमी असतात हे पण सांगायला हवं. व्हेंटिलेटरच्या पेशंटला एकास एक नर्स हवी आणि मी एका ठिकाणी तीन-तीन पेशंट सांभाळलेत. अशा वेळी गप्प बसू नका, इनचार्जला सांगा आणि रजिस्टरला लिहा.

पुढच्या शिक्षणाचं थोडक्यात. बीएलएस आणि एसीएलएस, म्हणजे हृदय बंद पडल्यावर काय करायचं त्याचे छोटे कोर्स, लवकर करून घ्या, कार्ड २ वर्षं चालतं. १ वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा क्रिटिकल केअरमध्ये असतो. बीएस्सी झालं असेल आणि किमान १ वर्षाचा अनुभव असेल तर इंडियन नर्सिंग कौन्सिलचा नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर हा २ वर्षांचा कोर्स बघा, त्यात बहुतेक वेळ बेडशीच जातो म्हणून मला तो फार आवडतो. परदेशाचा विचार असेल तर आयसीयूचा अनुभव उपयोगी पडतोच, फक्त जर्मनीसाठी जर्मन भाषा बी-टू लेव्हलपर्यंत लागते, त्याला वेळ द्या. पण पहिलं वर्षभर कोर्सच्या मागे पळू नका, बेड धरून राहा.

आणि ओव्हर देताना. तुमची ड्यूटी संपत आली की अर्धा तास आधी सगळ्या सिरिंजा बघा, पुढच्या दोन तासांत संपणारी असेल तर भरून ठेवा, युरोबॅग मोजून रिकामी करा, इनटेक-आउटपुटची बेरीज करा, लघवी ताशी दर किलोला अर्ध्या मिलीच्या खाली गेली असेल तर ते तोंडाने सांगा, नुसतं लिहू नका. बस सुटेल, घरून फोन येईल, पाय दुखत असतील, मला माहितीय. तरी पुढच्या सिस्टरने पंपापासून मानेपर्यंत स्वतः हात फिरवून होईपर्यंत बेडशीच उभ्या राहा.