यूट्यूबवरची प्लेलिस्ट गायब झाली? या चुका टाळा

गणपती आठ दिवसांवर आले की मुंबईतल्या मंडळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो: "अरे, आरत्यांची प्लेलिस्ट कुठे गेली?" मागच्या वर्षी ज्या पोराने लॅपटॉप स्पीकरला जोडून सगळं लावून दिलं होतं, तो आता नोकरीसाठी बंगळुरूला. मंडळाच्या फोनवर यूट्यूब उघडलं तर 'आवडलेले व्हिडिओ' आणि 'नंतर पाहा' या दोन याद्यांखेरीज काही नाही. मग एकजण ॲप काढून पुन्हा टाकतो, दुसरा फोन रीसेट करायला निघतो, तिसरा त्याच नावाची नवी प्लेलिस्ट करायला घेतो. इतका वेळ मूळ प्लेलिस्ट आपल्या जागी सुखरूप असते, त्या पोराच्या खात्यात.

प्लेलिस्ट फोनमध्ये नसते, टीव्हीतही नसते. ती ज्या गूगल खात्याने केली त्या खात्याची असते, आणि नेमकं सांगायचं तर त्या खात्याखालच्या एका ठरावीक चॅनेलची. 'गायब झाली' म्हणून येणाऱ्या बहुतेक तक्रारींचा उलगडा इथेच होतो.

भलत्याच खात्यात शोधणं

आपल्याकडे एका फोनवर तीन-तीन ईमेल असतात. एक स्वतःचा, एक ऑफिसचा, एक मुलाच्या शाळेच्या ऑनलाइन वर्गासाठी काढलेला. यूट्यूबमध्ये कोपऱ्यातल्या फोटोवर बोट ठेवा आणि कोणता ईमेल चालू आहे ते आधी वाचा. नुसतं नाव बघू नका, कारण तिन्ही खात्यांवर नाव तुमचंच असतं.

ईमेल बरोबर आहे, तरी प्लेलिस्ट नाही? मग चॅनेल तपासा. एका गूगल खात्याखाली एकापेक्षा जास्त चॅनेल असू शकतात आणि हे पुष्कळांना ठाऊकच नसतं. समजा, विलेपार्ल्यातल्या एखाद्या काकूंनी लॉकडाउनमध्ये रेसिपींसाठी वेगळ्या नावाचं चॅनेल काढलं. चार व्हिडिओ टाकले आणि नाद सोडला. पण ते चॅनेल चालू असताना जी नाट्यगीतं त्यांनी साठवली, ती सगळी त्या रेसिपीच्या नावाखाली जमा झाली. आज त्या स्वतःच्या नावाने बघतात तर पाटी कोरी. खातं बदलायच्या पर्यायात त्याच ईमेलखाली दुसरं नाव दिसलं, तर ते निवडून प्लेलिस्टची पूर्ण यादी उघडा. पहिल्या पडद्यावर अलीकडच्या थोड्याच दिसतात, तेवढ्यावरून निकाल लावू नका.

फोटोच्या जागी टोपी-चष्म्याचं चिन्ह असेल तर तुम्ही इन्कॉग्निटोमध्ये, म्हणजे खात्यातलं काहीच न दाखवणाऱ्या खाजगी मोडमध्ये आहात. बाहेर पडा, विषय संपला.

टीव्हीचं वेगळंच असतं. नवा स्मार्ट टीव्ही बसवायला आलेला माणूस किंवा सुट्टीत आलेला भाचा स्वतःच्या खात्याने लॉगिन करून जातो, आणि आजी महिनोन्‌महिने त्याच्याच खात्यात कीर्तनं साठवत राहतात. तो एक दिवस त्या टीव्हीवरून आपलं खातं साइन आउट करतो आणि आजींची कीर्तनं गेली! टीव्ही घरातल्या माणसाच्याच खात्याने चालू करा, आणि कोणाचं खातं आहे ते आजींनाही सांगून ठेवा.

घाईत ॲप काढून टाकणं

माझ्या मते ही सगळ्यात निरुपयोगी 'दुरुस्ती' आहे, आणि दुकानात फोन दाखवायला नेलं तरी पहिल्यांदा हीच सुचवतात. प्लेलिस्ट ॲपमध्ये नसतेच, त्यामुळे ती परत येण्याचा प्रश्न नाही. उलट जे खरोखर ॲपमध्ये असतं, म्हणजे विरार लोकलमध्ये बघायला डाउनलोड करून ठेवलेले व्हिडिओ, ते मात्र जातात. नेट मंद असेल तर यादी अर्धवट उघडते, एवढं खरं. त्यासाठी वायफायवर येऊन थोडं थांबा, नाहीतर कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये त्याच खात्याने लॉगिन करा. तिथे दिसली तर प्लेलिस्ट शाबूत आहे, अडचण फोनची आहे.

जी प्लेलिस्ट नव्हतीच ती शोधणं

कॉम्प्युटरवर व्हिडिओच्या चित्रावर माउस नेला की दोन बारीक चिन्हं येतात. घड्याळाचं चिन्ह 'नंतर पाहा'चं, दुसरं रांगेत लावायचं. रांग तात्पुरती असते, टॅब बंद केला की गेली. तीस गाणी रांगेत लावून झोपणारे सकाळी यूट्यूबला शिव्या देतात. यूट्यूब आपोआप बनवतं त्या 'मिक्स'चंही तेच. लिंकमध्ये लिस्ट या शब्दापुढे आर-डी ही अक्षरं असतील तर ते मिक्स, आज वेगळी गाणी आणि उद्या वेगळी. माणसाने हाताने केलेल्या प्लेलिस्टची अक्षरं साधारणपणे पी-एलने सुरू होतात.

दुसऱ्याच्या प्लेलिस्टवर विसंबणं

दुसऱ्याची प्लेलिस्ट सेव्ह करणं म्हणजे शेजाऱ्यांचा पेपर वाचण्यासारखं आहे, त्यांनी पेपर बंद केला की तुमचंही वाचन बंद. मालकाने ती काढली किंवा खाजगी केली की तुमच्या यादीतून ती निघून जाते, आणि तुमच्या हातात काही नसतं. त्यातलं खरंच हवं असेल ते स्वतःच्या प्लेलिस्टमध्ये टाकून ठेवा.

स्वतःची लिंक सोसायटीच्या ग्रुपवर टाकताना उलटी चूक होते. प्लेलिस्ट खाजगी असेल तर लिंक असूनही इतरांना ती उघडत नाही. 'अनलिस्टेड' ठेवली तर लिंक असलेल्यालाच दिसते, सर्चमध्ये येत नाही. घरगुती कामाला हीच बरी.

प्लेलिस्ट आहे, व्हिडिओ कमी झालेत

चॅनेलने व्हिडिओ काढला किंवा खाजगी केला की तो यादीत लपवला जातो. कॉम्प्युटरवर प्लेलिस्टच्या तीन टिंबांत अनुपलब्ध व्हिडिओ दाखवायचा पर्याय असतो. नाव गेलेलं असतं, पण लिंकमधला 11 अक्षरांचा क्रमांक शिल्लक असतो. तो तसाच्या तसा गूगलमध्ये शोधा. कुणीतरी कुठेतरी ती लिंक नावासकट दिलेली असते, आणि नाव कळलं की तेच गाणं दुसऱ्या चॅनेलवर सापडण्याची आशा असते.

ऑफिस किंवा कॉलेजच्या वायफायवरच काही व्हिडिओ दिसत नसतील, तर तिथे रिस्ट्रिक्टेड मोड, म्हणजे प्रौढांसाठीचे व्हिडिओ लपवणारी सेटिंग, लावलेला असू शकतो. मोबाइल डेटावर येऊन बघा. आणि एका प्लेलिस्टमध्ये 5000 च व्हिडिओ मावतात. 'नंतर पाहा' वर्षानुवर्षं न उपसणारे या मर्यादेला जाऊन आपटतात आणि 'नवे सेव्ह होत नाहीत' म्हणतात.

खरंच डिलीट झाली असेल तर

यूट्यूबवर प्लेलिस्टसाठी कचरापेटी नाही. डिलीट केली की परत आणायचं बटण नाही. मग उरतं ते तुकडे गोळा करणं. ब्राउझरच्या हिस्टरीत प्लेलिस्टचं नाव शोधा. यूट्यूबच्या पाहिलेल्या व्हिडिओंच्या इतिहासात सर्च करा. 2020 नंतर काढलेल्या नव्या खात्यांत हा इतिहास 36 महिन्यांनी आपोआप पुसण्याची सोय मुळातच चालू असते, तेव्हा जुन्या गाण्यांसाठी फार अवलंबून राहू नका. व्हॉट्सॲपवर तुम्हीच कधी पाठवलेल्या सुट्या व्हिडिओंच्या लिंक शोधा, त्यांतून बरंच हाती लागतं.

याच टप्प्यावर लोक फसतात. 'प्लेलिस्ट रिकव्हर' करून देणारं ॲप किंवा कस्टमर केअर म्हणून नेटवर सापडलेला मोबाइल नंबर पासवर्ड नाहीतर ओटीपी मागतो. देऊ नका. दिला आणि पैसे गेले तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

जुन्या ईमेलच्या खात्यात प्लेलिस्ट पडून असेल तर ते खातं आजच उघडा. दोन वर्षं न वापरलेली खाती गूगल काढून टाकू शकतं, हे धोरण डिसेंबर 2023 पासून लागू आहे. लॉगिन करून एखादा व्हिडिओ पाहिला तरी खातं वापरात धरलं जातं. त्याला जोडलेला नंबर बंद सिमचा असेल तर तोही आत गेल्या गेल्या बदला, नाहीतर पुढच्या वेळी ओटीपी येणार कुठे?

मंडळासाठी सांगायचं तर, खातं मंडळाच्या नावाचं काढा, पासवर्ड दोघा-तिघांकडे ठेवा, आणि दर वर्षी विसर्जनानंतर गूगल टेकआउटमधून, म्हणजे खात्यातल्या माहितीची प्रत देणाऱ्या गूगलच्या सोयीतून, फक्त यूट्यूब आणि त्यात फक्त प्लेलिस्ट निवडून प्रत उतरवून घ्या. तयार झाल्याचा ईमेल आला की आठवड्याच्या आत डाउनलोड करा, नंतर ती लिंक चालत नाही. फाइलमध्ये गाण्यांची नावं नसतात, व्हिडिओंचे ते 11 अक्षरी क्रमांकच असतात. म्हणून आरत्यांची नावं क्रमाने एका कागदावर लिहून तो स्पीकरच्या खोक्यात टाका.