लॉक असलेल्या जुन्या सर्व्हरवर नवीन ओएस कशी टाकायची

सेकंडहँड सर्व्हर लॉक निघाला की लोक लगेच पेनड्राइव्ह लावून बसतात आणि मग बूटच होत नाही म्हणून अडकतात. आधी कुठलं लॉक आहे ते बघा, कारण यात चार वेगवेगळी लॉकं असू शकतात: जुन्या ओएसचं (म्हणजे विंडोज किंवा लिनक्ससारख्या ऑपरेटिंग सिस्टीमचं) लॉगिन, बायोसचा (मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या बोर्डवरच्या प्रोग्रामचा) पासवर्ड, रिमोट मॅनेजमेंटचा (नेटवर्कवरून लांबून सर्व्हर सांभाळायची सोय, डेलचं आयड्रॅक, एचपीचं आयएलओ) पासवर्ड आणि एन्क्रिप्ट केलेल्या, म्हणजे किल्लीशिवाय डेटा वाचता न येणाऱ्या डिस्क. ओएसच्या पासवर्डचं टेन्शन घेऊच नका, ती ओएस आपण उडवणारच आहोत.

त्याआधी विकणाऱ्याला सरळ पासवर्ड विचारा आणि बिल घ्या. निम्म्या वेळा तिथेच काम होतं, आणि मशीन कुठून आली हे विकणाऱ्याला सांगताच येत नसेल तर परत केलेली बरी.

आता मॉनिटर (बहुतेक जुन्या सर्व्हरला व्हीजीएच असतं, केबल आधीच शोधून ठेवा) आणि यूएसबी कीबोर्ड लावा. सर्व्हर चालू करून बायोसच्या सेटअपसाठी डेलला एफ२, एचपी प्रोलायंटला एफ९, सुपरमायक्रोला डिलीट दाबा. सर्व्हर सुरू व्हायला काही मिनिटं घेतो, स्क्रीन काळी दिसली म्हणून मध्येच बंद करू नका. सेटअप उघडलं तर बायोसला लॉक नाही, पासवर्ड मागितला तर झाकण उघडावं लागेल.

सर्व्हर बंद करा, दोन्ही पॉवर सप्लायच्या वायरी काढा, पॉवर बटण थोडा वेळ दाबून धरा म्हणजे उरलेला करंट जाईल, आणि आत हात घालण्याआधी चेसिसच्या धातूला हात लावा. झाकणाच्या आतल्या बाजूला बहुतेक वेळा बोर्डचा नकाशा चिकटवलेला असतो. डेल पॉवरएजमध्ये त्यावर पीडब्ल्यूआरडी-ईएन नावाचा जंपर शोधा, दोन पिनांवर बसलेली छोटीशी प्लॅस्टिकची टोपी असते ती, चिमट्याने उचलून डिसेबलच्या जागी लावा. मग झाकण लावून एकदा पूर्ण बूट होऊ द्या, कारण बूट झाल्याशिवाय जुना पासवर्ड जात नाही, आणि नंतर परत बंद करून टोपी मूळ जागी लावायची, नाहीतर नवीन पासवर्ड ठेवता येत नाही. प्रोलायंटमध्ये जंपरऐवजी बारीक स्विचांची पट्टी असते, त्यातला एस५ पासवर्डसाठी आणि एस१ आयएलओच्या सिक्युरिटीसाठी. एस६ ला उगाच हात लावू नका, त्याने सगळं कॉन्फिगरेशन पुसलं जातं. नुसता बॅटरी सेल काढून बऱ्याच सर्व्हरचा पासवर्ड जात नाही, त्यात वेळ घालवू नका.

सेटअपमध्ये शिरलात की यूएसबी बूट चालू करा आणि आयड्रॅक असेल तर ते तिथूनच डिफॉल्टला रिसेट करा. जुन्या डेलवर मग युजरनेम रूट (root) आणि पासवर्ड कॅल्विन (calvin) चालतं, नव्यांवर पासवर्ड पुढच्या बाजूला ओढून काढायच्या पट्टीवर छापलेला असतो.

आता डिस्क. खरी डोकेदुखी बहुतेक इथेच होते. रेड कार्डला (अनेक डिस्क एकत्र सांभाळणाऱ्या कार्डला) जुन्या डिस्क फॉरेन, म्हणजे दुसऱ्या सेटअपमधल्या, दिसत असतील तर फॉरेन कॉन्फिग क्लिअर करा (जुन्या मालकाचा डेटा उघडून बघत बसू नका, सरळ पुसा) आणि नवीन व्हर्च्युअल डिस्क बनवा, त्याशिवाय डेलच्या एच७१० सारखं कार्ड इन्स्टॉलरला एकही डिस्क दाखवत नाही. डिस्क दिसते पण वापरता येत नाही असं झालं तर ती मोठ्या स्टोरेज सिस्टीममधून निघालेली, ५२० बाइट सेक्टरची (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा डेटाचा सगळ्यात छोटा कप्पा, नेहमी तो ५१२ बाइटचा असतो) असू शकते. लाइव्ह लिनक्सवरून (इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच चालणारं लिनक्स) एसजी-फॉरमॅट (sg_format) कमांडने ती ५१२ ची करता येते पण त्याला कित्येक तास लागतात आणि मध्ये लाइट गेली तर डिस्क अर्धवट फॉरमॅट होऊन अडकते, म्हणून यूपीएसवरच करा. डिस्क स्वतःच एन्क्रिप्टेड असेल तर लेबलवर पीएसआयडी नावाचा ३२ अक्षरी कोड बघा, तो घालून रिव्हर्ट (डिस्क फॅक्टरीसारखी कोरी) केलं की डेटा जातो आणि डिस्क मोकळी होते.

एवढं झालं की पुढचं सोपं आहे. आयएसओचा (ओएसच्या डाउनलोड केलेल्या इन्स्टॉल फाइलचा) चेकसम, म्हणजे फाइल बिघडलेली नाही हे पटवणारा कोड, तपासून पेनड्राइव्ह बनवा, एफ११ ने बूट मेनू उघडा (डेल, एचपी, सुपरमायक्रो तिन्हीकडे तेच), आणि सर्व्हरला यूईएफआय (जुन्या बायोसची नवी आवृत्ती) असेल तर त्याच मोडमध्ये इन्स्टॉल करा. ओएस चालू झाली की फर्मवेअर (बोर्ड आणि कार्डांच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करा, बायोसला आणि रिमोट मॅनेजमेंटला स्वतःचे नवीन पासवर्ड ठेवा, आणि रिमोट मॅनेजमेंटचा तो वेगळा नेटवर्क पोर्ट थेट इंटरनेटला अजिबात जोडू नका.