आधी भांडं, मग मोडतोड

अमूर्त शिल्प करायचं म्हणून नवी मुलं मातीचा गोळा घेतात आणि मनाला येईल तसा दाबत सुटतात. तो गोळा भट्टीत फुटतो. मी आधी चाकावर नीट भांडी काढते, मग ती मोडते. ही युक्ती माझी नाही. पीटर वोल्कोस या अमेरिकन कलाकाराने १९५०च्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये शिकवताना भांडी कापून, ठोकून, एकमेकांवर चढवून शिल्पं उभी केली. त्यात भांड्याचं पोट अजून ओळखू येतं, म्हणून ती जिवंत वाटतात.

ग्रॉग (भाजलेल्या मातीचा चुरा) घातलेली स्टोनवेअरची, म्हणजे जास्त तापमानाला भाजायची, माती घ्या. तीन-चार बिनतळाची नळकांडी काढा, भिंत साधारण १ सेंटीमीटर. बोटाचा ठसा उमटत नाही पण नख रुततं, इतपत सुकू द्या. आता तारेने तिरकं कापा, फळीने ठोका, एकावर एक चढवा. सांध्याला दोन्हीकडे ओरखडे पाडून स्लिप (पाण्यात कालवलेली पातळ माती) लावा आणि आतून मातीची वळी दाबा. आतली हवा कुठे कोंडली नाही ना, ते बघा. एखादी बाजू लवकर ‘छान’ दिसायला लागली की मी तिलाच फळीचा दणका देते.

सुकवण्यात खरी परीक्षा. खाली वर्तमानपत्र घाला, म्हणजे आकसताना तळ फळीला धरून फाटत नाही. वर प्लॅस्टिक सैल. पावसाळ्यात महिनाही लागतो. गालाला लावून बघा, गार लागलं तर आत ओल आहे. एकदा प्रदर्शनाच्या घाईत मी हे टाळलं. वरून पांढरं दिसत होतं, म्हणून भट्टीत भरलं. स्फोटात शेजारचे सहा कपही गेले, आणि ते ऑर्डरचे होते. माझं पोट कपांवरच चालतं, शिल्पं अधूनमधून विकली जातात.

तेव्हापासून भट्टी ८०-९० अंशांवर रात्रभर धरते. ५७३ अंशांच्या आसपास मातीतला क्वार्ट्झ (गारगोटीचं खनिज) एकदम फुगतो, तिथे घाई नको. बिस्क, म्हणजे पहिली भाजणी, १००० अंशांना, शेवटची भाजणी १२४०ला. माझी माती एकूण १२ टक्के आकसते, म्हणजे ५० सेंटीमीटरचं शिल्प ४४चं होतं. ग्लेझ (काचेसारखा चकचकीत लेप) बहुतेक लावत नाही. बिस्क झालेल्या शिल्पावर आयर्न ऑक्साइड पाण्यात कालवून फासते, ओल्या स्पंजने पुसते, खाचांत उरेल तेवढं पुरे.

भट्टी १०० अंशांखाली आल्याशिवाय दार उघडू नका. मी उघडते, पण तुम्ही नका उघडू.