रेसचा घोडा परदेशात स्टडला विकताय? परतीचं आधी लिहून घ्या

घोडा रिटायर झाला आणि बाहेरच्या स्टड फार्मकडून (घोड्यांची पैदास करणाऱ्या फार्मकडून) ऑफर आली की सगळ्यांचं डोकं आकड्यात अडकतं. आकडा ठरवाच, पण म्हातारपणी तो कुणाच्या दारात उभा असेल तेही त्याच कागदावर ठरवा, सही झाल्यावर तुमचं कोणी ऐकत नाही. थरोब्रेडमध्ये, म्हणजे रेसच्या घोड्यांच्या जातीत, वीर्य गोठवून पाठवायची सोय नाही, घोड्याने स्वतः घोडी लावली तरच शिंगरू स्टडबुकात (जातीच्या अधिकृत नोंदवहीत) जातं, म्हणजे घोड्यालाच जावं लागतं आणि तिकडेच राहावं लागतं.

फर्डिनांडचं काय झालं ते बघा. १९८६ ची केंटकी डर्बी ही अमेरिकेतली मोठी रेस जिंकलेला, १९८७ चा अमेरिकेतला हॉर्स ऑफ द इयर, १९९४ मध्ये जपानला विकला. पहिल्या सीझनला ७७ घोड्या आल्या, २००० मध्ये फक्त १०. मग फार्मने तो एका डीलरकडे दिला आणि २००२ मध्ये तो कत्तलखान्यात गेला, जगाला कळलं २००३ मध्ये! पहिल्या गिऱ्हाइकाकडे असताना नाही, हात बदलल्यावर घात झाला. म्हणून करारात नुसतं 'घोड्याची नीट काळजी घेऊ' लिहिलेलं असेल तर त्याचा काडीचा उपयोग नाही.

मग काय लिहायचं? घोडा विकायचा, भाड्याने द्यायचा, फुकट द्यायचा किंवा कायमचं ब्रीडिंग थांबवायचं ठरलं तर आधी तुम्हाला लेखी कळवायचं, साठेक दिवस थांबायचं आणि तुम्हाला परत घ्यायचा पहिला हक्क. परतीची किंमतही आत्ताच घाला, अगदी नाममात्र घाला, नाहीतर तेव्हा 'बाजारभाव' म्हणून वाट्टेल ते मागतील. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हीच अट पुढच्या मालकालाही लागू राहील आणि त्याची सही घेऊनच घोडा हलेल, हे लिहाच. मायक्रोचिप नंबर करारात टाका. भांडण झालं तर कुठल्या देशाच्या कोर्टात, हे वकिलाला विचारून ठरवा, इथे पैसे वाचवू नका.

हे जमतं बरं का. १९९७ ची केंटकी डर्बी आणि प्रीकनेस ही दुसरी मोठी रेस जिंकलेला सिल्व्हर चार्म पण जपानला गेला होता, पण परत पाठवायचं आधीच ठरलेलं, तो २०१४ च्या डिसेंबरमध्ये केंटकीत ओल्ड फ्रेंड्सला, म्हणजे रिटायर घोडे सांभाळणाऱ्या फार्मला, आला.

परतीचं विमान, क्वारंटाइन, रक्ततपासण्या हा खर्च कोण करणार तेही मिटवा. माझं मत विचाराल तर विक्रीच्या पैशातलाच एक भाग तेव्हाच वेगळा काढा, पंधरा वर्षांनी कुणाच्या खिशात काय असेल सांगता येत नाही. एक्सेलर म्हणजे १९७८ मध्ये नावाजलेल्या सिअ‍ॅटल स्ल्यूला हरवणारा घोडा, स्वीडनमध्ये मालकाचं दिवाळं निघालं आणि १९९७ मध्ये, चोवीस वर्षांचा असताना, तो कत्तलीला गेला.

क्वारंटाइनमध्ये एक गंमत असते, म्हणजे ज्याच्यावर येते त्याला गंमत नाही वाटत. सीईएम नावाचा घोड्यांचा गुप्तरोग जिथे असू शकतो अशा देशातून अमेरिकेत स्टॅलियन (खच्ची न केलेला घोडा) आणायचा तर त्याला टेस्टसाठी दोन घोड्या लावाव्या लागतात. २००२ चा डर्बीवाला वॉर एम्ब्लेम, ज्याला माद्यांमध्ये मुळातच रस नव्हता, त्याने २०१५ मध्ये जपानहून अमेरिकेत परत आल्यावर या टेस्टलाही नकार दिला आणि शेवटी खच्ची करूनच सोडावं लागलं. म्हणून ज्या देशात आणायचाय तिथले नियम व्हेटकडून आधी समजून घ्या.

विकल्यावर दरवर्षी ताजा फोटो मागा आणि किती घोड्या लावल्या ते विचारा. आकडा पडायला लागला की तीच वेळ, तेव्हाच फोन करा. रिटायर घोडे सांभाळणाऱ्या बऱ्याच रेस्क्यू संस्थांना खच्ची न केलेला घोडा नको असतो, त्याला वेगळा पॅडॉक (फिरायची मोकळी जागा) आणि मजबूत कुंपण लागतं, तर जागा त्याआधीच बघून ठेवा, घोडा विमानात चढल्यावर शोधत बसू नका.